अडतीस तारखा

"पल्लवीताई, तुमच्या क्लाऊडनं आमची अब्रू घालवली. आत्ताच्या आत्ता या!"

सकाळचे साडेआठ वाजले होते. फोन सायखेड्याच्या उज्वला गडाखांचा होता. पल्लवी बोरस्तेने चहाचा कप तसाच ठेवला आणि स्कूटरची किल्ली उचलली.

नाशिकला गंगापूर रोडवर तिचं एका खोलीचं ऑफिस होतं. छोट्या धंद्यांना ती मोबाईलवर चालणारी ॲप लावून द्यायची. सगळी माहिती इंटरनेटवरच्या सर्व्हरवर राहायची आणि मालकाला कुठूनही दिसायची. एवढंच ते काम. पण सहा वर्षांत लोकांनी तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. कुणाचं काहीही चुकलं की ते क्लाऊडनंच केलेलं असतं.

चांदोरीवरून ती सायखेड्यात पोचली तेव्हा गडाखांच्या रोपवाटिकेच्या फाटकासमोर अकरा पिकअप उभ्या होत्या. टोमॅटोची रोपं न्यायला आलेले शेतकरी तावातावाने बोलत होते. झुंबर नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिच्यापुढे मोबाईल धरला.

"हे बघा. बुकिंगचा मेसेज. बुधवार, म्हंजी आज. आन ही पोरगी म्हनती तुमची तारीख पुढच्या बुधवारी हाय. मजूर सांगून ठेवलेत मी. वावर भिजवून ठेवलंय!"

ऑफिसात उज्वलाताई येरझारा घालत होत्या. नवरा सिन्नरला कंपनीत, त्यामुळे सगळा व्याप त्यांच्याच डोक्यावर. कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर चैताली बसली होती. बुकिंग घेणारी, यादी छापणारी, फोन उचलणारी. तिचे डोळे रडून सुजले होते.

"हिनं केलंय," उज्वलाताई म्हणाल्या. "शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सकाळीच टाकलं मी, ऑफिसच्या मुलीनं तारखा बदलल्यात म्हणून. संध्याकाळी चौकीत जाते."

"ग्रुपवर? किती जण आहेत त्यात?"

"चारशे."

पल्लवीने कपाळाला हात लावला. चारशे घरांत या मुलीचं नाव एव्हाना पोचलं होतं, आणि संध्याकाळी ते पोलिसांच्या वहीतही चढणार होतं.

तिने लॅपटॉप उघडला. ॲपमधला प्रत्येक बदल सर्व्हरवर कधी पोचला आणि तो कोणत्या लॉगिनवरून झाला, याची नोंद राहते. एकूण अडतीस बुकिंगच्या तारखा बदलल्या होत्या. सगळी टोमॅटोची, सगळी शेड तीनमधली. मिरची, फ्लॉवर, ढोबळीला कुणी हात लावलेला नव्हता.

"बदल कधी झाले?" उज्वलाताईंनी विचारलं.

"एकोणीस दिवसांपूर्वी. शुक्रवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी."

"बघा! त्याच दिवशी हिला रजा नाकारली होती मी. तोंड वाजवून गेली होती."

"मग एवढे दिवस कुणाला दिसलं कसं नाही?"

"मी रोज फक्त त्या दिवसाची यादी छापते," चैताली हळूच म्हणाली. "पुढचं बघतच नाही."

पल्लवीने लॉगिनचा रकाना उघडला आणि तिची तार सटकली. अडतीसच्या अडतीस बदलांपुढे एकच नाव होतं. उज्वला.

"हे काय? मी चार जणांची चार लॉगिन करून दिली होती ना?"

"अहो, घरातल्या घरात कशाला वेगवेगळं?" उज्वलाताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. "प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, कोण लक्षात ठेवणार? माझाच दिला सगळ्यांना. तो बघा, कॅलेंडरवर लिहिलाय."

खरोखरच लिहिला होता. दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, ठसठशीत. पल्लवीला ओरडावंसं वाटलं. दोन दिवस बसून तिने या लोकांना लॉगिन म्हणजे काय ते शिकवलं होतं. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

"म्हणजे चौघांपैकी कुणीही," ती म्हणाली. "तुम्ही, चैताली, तुमचे दीर शेखर आणि ड्रायव्हर दत्तू."

"किंवा तुमचं ॲप," दारातून आवाज आला. शेखर आत आला होता. तिशीचा, उंच, शेडची सगळी जबाबदारी त्याच्याकडे. "मी तर वहिनीला म्हणतोय, कशाला गरीब पोरीवर आळ? सॉफ्टवेअरचाच घोळ असणार."

 पल्लवी तारखा वाचत होती. उद्याची आणि परवाची बुकिंग बरोबर सहा दिवस पुढे गेली होती. आजची अकरा मात्र सात दिवस. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मग चैतालीकडे वळली.

"चैताली, मी आधी तुलाच विचारते. तू बदल कशावरून करतेस?"

"याच कॉम्प्युटरवरून. माझ्या मोबाईलमध्ये ॲप नाही, जागाच नाही त्यात."

"नेट गेलं तर?"

"पान उघडतच नाही. हात जोडून बसून राहते."

मग दत्तूला बोलावलं. "त्या शुक्रवारी कुठे होतास?"

"इगतपुरीकडं, ताई. घाटाखालच्या दोन गावांना मिरची टाकली. सकाळी गेलो ते पाचाला माघारी."

"रेंज होती?"

"कुठली रेंज! माल पोचला म्हणून ॲपात दाबलं, पर ते गेलं घोटीला आल्यावर. लय उशिरा."

पल्लवीने नोंद तपासली. दत्तूने दिलेल्या पोच दुपारी दोन चाळीसला सर्व्हरवर आल्या होत्या.

"आणि तुम्ही, शेखर?"

"शेड तीनमध्ये. दिवसभर. तिथं फुल रेंज असते, कुणालाही विचारा."

"मी स्वतःच बघते," ती म्हणाली.

झुंबरबाबाही मागोमाग आले. शेडमध्ये रेंज होतीच. ट्रेच्या रांगा लांबवर पसरल्या होत्या. पेरणीच्या तारखेच्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या, त्याप्रमाणे रोपं आज पंचवीस दिवसांची. झुंबरबाबांनी एक रोप अलगद उपसलं आणि मुळं पाहिली.

"ह्यॅ! हे पंचवीस दिसाचं रोप नाय. पानं मोजा की. मुळीनं अजून ट्रे धरला नाय."

शेडच्या टोकाला उगवण खोली होती. पत्र्याच्या जाड पॅनलची, बिनखिडकीची, शीतगृहासारखी. बी टोचलेले ट्रे तिथे तीन दिवस थप्पी लावून ठेवतात आणि कोंब दिसला की लगेच बाहेर काढतात. पल्लवी आत शिरली आणि तिने ऑफिसला फोन लावला. लागला नाही. दाराबाहेर येताच एका मागोमाग चार मेसेज टिंगटिंगले.

बाहेर चांगुणाबाई ट्रे भरत होत्या. बी टोचणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम.

"चांगुणाबाई, तीन आठवड्यांपूर्वीचा शुक्रवार आठवतो?"

"न आठवायला काय झालं? माझ्या भाचीची हळद व्हती. तरी शेखरभाऊंनी सोडलं नाय. जादा आर्डर आली म्हनले. तीनशे ट्रे धुतले आन परत भरले."

"धुतले? म्हणजे आधी त्यात काही होतं?"

"ते त्यांनाच इचारा, बाई." चांगुणाबाईंनी मान खाली घातली.

पल्लवी ऑफिसात परतली. वैताग तिच्या चालण्यातही दिसत होता. तिने सगळ्यांना बसवलं. झुंबरबाबा दाराशी उभे राहिले.

"पहिली गोष्ट. हा सॉफ्टवेअरचा घोळ नाही. सॉफ्टवेअर चुकलं असतं तर सगळ्या तारखा सारख्याच सरकल्या असत्या. सत्तावीस बुकिंग सहा दिवस पुढे गेली, आजची अकरा सात दिवस. कारण आजपासून सहा दिवसांनी मंगळवार येतो, आणि मंगळवारी अमावस्या आहे."

"अवसेला रोप कोन उचलतंय?" झुंबरबाबा म्हणाले.

"कुणीच नाही. मजूरही येत नाहीत. पण हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. ॲपला तिथी शिकवलेलीच नाही. म्हणजे माणसाने एकेक बुकिंग उघडून, कॅलेंडर बघून तारखा टाकल्या."

शेखरने खुर्ची मागे सरकवली.

"दुसरी गोष्ट. अडतीस तारखा हाताने बदलायला तास तरी लागतो. पण त्या सर्व्हरवर पोचल्या एकाच मिनिटात. मोबाईलला रेंज नसेल तर ॲप बदल मोबाईलमध्येच धरून ठेवतं आणि रेंज आली की सगळे एकदम सोडतं. म्हणजे हे काम रेंज नसलेल्या जागी बसून, मोबाईलवर झालं. चैतालीकडे फक्त हा कॉम्प्युटर. नेट नसेल तर तिला पानही उघडत नाही. तिने हे केलेलं नाही, आणि तिला ते करताच आलं नसतं."

चैतालीने पहिल्यांदा मान वर केली.

"मग दत्तू!" उज्वलाताई म्हणाल्या. "तो होता रेंजच्या बाहेर."

"होता. पण दोन चाळीसपर्यंत होता. त्याच्या मोबाईलमध्ये बदल अडकले असते तर त्याच्या पोचसोबत दोन चाळीसलाच आले असते. हे आले एक दहाला. आणि तुम्ही मालकीण. तारखा बदलायच्या तर उघड बदलल्या असत्या, शेतकऱ्यांना फोन केला असता."

ती शेखरकडे वळली.

"या आवारात रेंज नसलेली एकच जागा आहे. उगवण खोली. शेडमधले ट्रे ज्या शनिवारी पेरले असं चिठ्ठ्या सांगतात, ते रोप आज फाटकावर जायला हवं होतं. पण ते रोप आता या जगात नाही. त्यानंतर सहा दिवसांनी, शुक्रवारी, तेच ट्रे धुऊन पुन्हा पेरले गेले. नवीन रोप तयार होणार मंगळवारी, आणि तारखाही तितक्याच पुढे गेल्या. शेखर, पहिले ट्रे थप्पीतून वेळेवर का निघाले नाहीत?"



"सटाण्याला गेलो होतो," शेखर म्हणाला. "मित्राच्या लग्नाला. एका दिवसाचं सांगून तीन दिवस राहिलो. बायकांना सांगितलं होतं, खोली उघडू नका, मी आल्यावर बघतो. आल्यावर बघितलं तर अंधारात कोंब वीत-वीत वाढलेले. पिवळे, दोऱ्यासारखे. सगळे फेकावे लागले. मला वाटलं, तारीख बदलली की शेतकऱ्याला मेसेज आपोआप जातो. पाच-सहा दिवसांनी कुणाचं काय अडतं?"

"मेसेज फक्त नवीन बुकिंगला जातो," पल्लवी म्हणाली. "हे मी दोनदा सांगितलं होतं."

"आणि सकाळपासून तू गप्प बसलास?" उज्वलाताईंचा आवाज चिरकला. "मी हिला चोर ठरवत होते तेव्हा शेजारी उभा होतास!"



उज्वलाताईंनी मोबाईल घेतला. थोडा वेळ बोटं नुसतीच घुटमळली. मग त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. "तांत्रिक बिघाडामुळे तारखा बदलल्या. ऑफिसच्या मुलीचा दोष नाही. क्षमस्व."

"बिघाड?" पल्लवीच्या अंगाचा तिळपापड झाला. "पुन्हा माझ्याच गळ्यात?"

"घरातलं माणूस आहे हो. चारशे लोकांत त्याचं नाव कसं टाकू?"

"माझं टाकलंत की," चैताली म्हणाली.

ती उठून उभी राहिली.  "ग्रुपवर खरं लिहा. आणि माझ्या पप्पांना फोन लावा. स्पीकरवर. तुम्ही बोला. सकाळी मेसेज वाचल्यापासून ते कामावर गेलेले नाहीत."

उज्वलाताईंनी दिराकडे पाहिलं. त्याने मान हलवली, हो म्हणून. त्यांनी मजकूर खोडला, त्याचं नाव घालून पुन्हा लिहिला आणि पाठवला. मग फोन लावला.

"मी उज्वला गडाख बोलतेय. भाऊसाहेब, तुमच्या चैतालीची काही चूक नव्हती. आमच्या शेखरनं केलं होतं ते. माझ्याकडून घाईत लिहिलं गेलं."

स्पीकरवर चैतालीच्या वडिलांचा आवाज आला.

"ती असलं करनार नाय, हे मला ठाव हाय, ताई. तिनं दोन वर्सं तुमच्याकडं काढली. चारशे लोकांना सांगायच्या आधी तिला एकदा इचारलं व्हतं का तुम्ही?"

उज्वलाताईंनी चैतालीकडे पाहिलं. चैताली पर्स खांद्याला लावून दारापर्यंत गेली होती.

"नाही," उज्वलाताई म्हणाल्या. "विचारलं नव्हतं."