आईच्या तोंडचं वाक्य

हायताउमधल्या कुणालाही विचारलं तरी ती सकाळ त्याला आठवायची. सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी, लष्करी कायद्याच्या काळात, तैवानच्या किनाऱ्यावरच्या या मच्छीमारांच्या गावातून शिपायांनी शाळामास्तर आ-बिंगला धरून नेलं. तो परतला नाही. गावातल्या न्हाव्याचा जन्म त्यानंतर पन्नास वर्षांनी झाला, पण पठ्ठ्या डोळे पुसत सांगायचा, "आई दारातून ओरडली, 'ब्ये ह्वेइथोउ!' मागे वळून पाहू नकोस!"

ही करामत गावातल्या स्मृतिभवनाची. पूर्वीच्या संग्रहालयात लोक काचेमागचा आ-बिंगचा सदरा बघत आणि बाहेर चहा पिताना विसरून जात. इथे तसं नव्हतं. माणूस एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदूतली ती नोंद काही तास मऊ पडते आणि मग पुन्हा घट्ट होते. मऊ असताना तिच्यात जे मिसळेल ते तिचंच होऊन बसतं. भवनात प्रत्येकाला स्वतःच्या आईची आठवण काढायला लावत आणि त्यात आ-बिंगच्या आईची हाक मिसळत. तिकडे कुणी दही लावत नाही, पण आपण याला स्मृतिविरजण म्हणू.

गावात एकच बाई या भवनाची पायरी कधी चढली नव्हती. ग्योक-लान, आ-बिंगची धाकटी बहीण. वय त्र्याण्णव, जीभ तिखट. त्या सकाळी ती सहा वर्षांची होती आणि आईच्या कमरेला बिलगून उभी होती. 'ब्ये ह्वेइथोउ' हे मँडरिन, आणि आईला मँडरिनचं ओ की ठो कळत नव्हतं! घरात होक्किएन चालायची. मँडरिन ही सरकारची आणि त्या शिपायांची भाषा. खरं वाक्य ग्योक-लानच्या मनात होतं. ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, कारण बोलून दाखवलं की ते झिजेल अशी तिला भीती वाटे. मात्र खोटं वाक्य कानावर पडलं की ती खवळायची, "माझी आई असं बोललीच नाही!" भवन उघडल्यापासून अकरा वर्षं तिचं रोज कुणाशी तरी वाजायचं.

यंदा हृदयाने दगा द्यायला सुरुवात केली, तेव्हा ती आपण होऊन भवनात आली. ती गेली की वाक्यही जाणार होतं.

"अ-मा, काही बोलायचं नाही," भवनातली डॉक्टर शू म्हणाली. तिथे कुणाही आजीला अशीच हाक मारतात. "फक्त आठवा. मेंदूत जे ऐकू येतं तेच हे साक्षयंत्र आम्हाला ऐकवतं. चूक आमची असेल तर आजच दुरुस्त करते."

"चूकच आहे! मँडरिन कुणी घुसडली?"

"संहिता लिहिणाऱ्यांनी. सगळ्या देशाला कळावं म्हणून."

"वा! आईला नाही कळलं तरी चालेल!"

डॉक्टर शू ओशाळली. तिने यंत्र सुरू केलं. ग्योक-लानने डोळे मिटले. दार दिसलं, भावाची मान दिसली. मग कर्ण्यातून आवाज आला.

"ब्ये ह्वेइथोउ."

"पोरी, तुझं यंत्र तुमचीच फीत वाजवतंय."

"नाही अ-मा. आमच्या फितीत नटीचा आवाज आहे. हा कुणाचा?"

ग्योक-लानचा चेहरा उतरला. आवाज आईचाच होता, किंचित बसका. पुन्हा दोनदा करून पाहिलं. तेच आलं.

"पण मी तर इथे कधी आलेच नाही."

डॉक्टर शूला सांगवत नव्हतं. "दर वेळी भांडताना तुम्ही खरं वाक्य आठवत होता, अ-मा. ते मऊ पडायचं. आणि त्याच वेळी समोरचा दुसरं वाक्य तुमच्या कानात ओतत असायचा. तुम्ही गप्प राहिला असतात, तर कदाचित ते टिकलं असतं. तुम्ही ते कुणाला सांगितलं होतं का? कुठे लिहून ठेवलंय?"

"नाही. पण हे खोटं आहे, हे तुलाही कळलंय ना? मग काढून टाक."

"काढते. त्याच्या जागी काय घालू?"

ग्योक-लानने तोंड उघडलं. होक्किएनमधली कितीतरी वाक्यं तिच्या ओठांवर आली, जेवून जा, लवकर ये, अंगात काहीतरी घाल. कुठलीही आई पोटच्या पोराला म्हणेल अशी. त्यातलं तिच्या आईचं कोणतं, हे तिला सांगता येईना.