नाक्यावर सांगितलेलं नाव

मंजुळा पहिल्यांदा नाक्यावर आली तेव्हा मी तिची टोपली तीनदा उपसली.

निजामाचं राज्य होतं. आष्टीच्या पलीकडे इंग्रजी हद्द लागायची आणि त्या वाटेवर आमचा करोडगिरीचा नाका होता. पलीकडून येणाऱ्या मालावर जकात घ्यायची, चोरून काही येऊ द्यायचं नाही, एवढं आम्हा शिपायांचं काम. माझ्या आधीच्या शिपायाच्या हातून मिठाची एक गोणी निसटली आणि त्याची नोकरी गेली. तेव्हापासून मला कोणाचाच भरवसा वाटत नसे. नाक्यावरच्या मालाच्या कोठीला कुलूप लावलं तरी चार पावलं जाऊन परत यायचो, ओढून बघायचो. आमच्या वरच्या दारोग्याचा घोडा लांबून दिसला की जकातीची वही पुन्हा पहिल्यापासून तपासायला घ्यायचो.

मंजुळा दर बुधवारी यायची, मावशीबरोबर. मावशी गीताबाई ख्रिस्ती मंडळीतली. आमच्या बाजूच्या गावांत बायांना शुभवर्तमान वाचून दाखवायची. मंजुळा टोपली धरायची. टोपलीत भाकरी, पाटी आणि एक पुस्तक. पण नाक्याच्या दहा पावलं आधी ती थांबायची, डोळे मिटायची, ओठ हलवायची... मग पुढे यायची.

चोरच असं करतो, असं मी धरून चाललो. पुस्तकाची पानं झटकली. भाकरी मोडून पाहिली.

"पुढल्या बारीला चटणी बी आणते," ती म्हणाली. "कोरडी भाकर कावून मोडता?"

मी हसलो नाही. ती हसली, पदराचं टोक दातांत धरून. उरलेला दिवसभर मला तेच दिसत राहिलं.

चौथ्या बुधवारी मी विचारलं, डोळे मिटून काय पुटपुटता.

"प्रार्थना करते. तुमचं भ्या वाटतं."

"आन् काय मागता?"

"तुमचं मन निवांत व्हावं म्हणून मागते. तुमीच लई भ्यालेले दिसता..." ती जरा थांबली. "नाव काय तुमचं? नाव घेऊन मागितलेलं बरं."

इथं मी चुकलो. डोळे मिटून कोणी आपलं नाव घेतलं म्हणजे ती करणी, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. नाव हाती लागलं की माणूस हाती लागला.

"सुग्रीव," मी म्हणालो.

माझं नाव सिदू.

पुढे झडती लांबत गेली. ती संशयानं लांबत होती की आणखी कशानं, हे माझं मलाच कळत नव्हतं. गीताबाई बाभळीखाली बसून म्हणायची, शिपायाला एवढी आवडलीय तर टोपली इथंच ठेवून जाऊ. मंजुळा मग मुद्दाम एकेक वस्तू सावकाश काढून माझ्या हातात द्यायची.

एकदा मी तिला कुलपाचं सांगून टाकलं. ती म्हणाली, देवाला एकदा सांगायचं आणि कामाला लागायचं. मला ते खरं वाटलं नाही. पण कोणी बघत नाही असं पाहून मी म्हटलं, देवा, कुलूप लावलंय, आता तू बघ. वीस पावलं गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी पन्नास गेलो. महिन्याभरात मी मागे न बघता विहिरीवरून पाणी भरून यायला लागलो. दारोग्याचा घोडा दिसला तरी वही मिटलेलीच राहायला लागली.

मग नवी काळजी लागली. भलं माझं होत होतं आणि तिच्या प्रार्थनेत नाव होतं सुग्रीवचं. खरं सांगावं तर ती म्हणणार, ज्याचं नावच खोटं त्याचं बाकीचं काय खरं? न सांगावं तर... मला ती हवी होती. सांगायचं मी एकेका बुधवारवर ढकलत राहिलो.

रविवारी मी हद्द ओलांडून त्यांच्या मंडळीत जाऊ लागलो. तिथंही सुग्रीव याच नावानं बाप्तिस्म्याआधीची शिकवण घेत होतो. तिथून निघताना एकदा तिला लग्नाचं विचारलं.

"झडती संपली का तुमची?" ती म्हणाली.

"न्हाई. जल्मभर चालंल."

तिनं पदराचं टोक दातांत धरलं. माझं उत्तर मला मिळालं.

त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार मंडळीत दोघांची नावं पुकारतात. कोणाची हरकत असेल त्यानं उभं राहून सांगायचं. पहिल्या रविवारी पाळकांनी, म्हणजे तिथल्या पाद्र्यांनी, वाचलं, मंजुळा आणि सुग्रीव. मग विचारलं, कोणाची हरकत?

मी उभा राहिलो. "माझी हाय."

सगळी मंडळी वळली. गावाकडं बायको असणार याची, मला आधीच वाटलं होतं, असं गीताबाई सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. मी मनात देवाला म्हटलं, ती गेली तरी चालेल, पण हे खोटं मला आता पुढे नेववत नाही. मग सगळं सांगितलं. मी भ्यालो होतो, नाव खोटं दिलं, माझं नाव सिदू.

मंजुळा उठली. ती हसत नव्हती.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "मागून सुग्रीव म्हणून हाक मारली की तुमी कधी वळलाच न्हाई. चार बाऱ्या मारून बघितली."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"तुमी सांगायची वाट बघत व्हते. न्हाई सांगितलं तर तिसऱ्या रविवारी मीच उभी राहणार व्हते."

"आन् इतके दिवस प्रार्थना कुणासाठी केलीस?"

"नाक्यावरल्या माणसासाठी. देवाला तेवढं पुरलं."

ती खाली बसली, आणि आता पदर दातांत होता.

पाळकांनी चष्मा पुसला. हा पुकार रद्द, पुढल्या रविवारपासून खऱ्या नावानं नव्यानं तीन, असं त्यांनी सांगितलं. लग्न एक आठवडा पुढे गेलं.

माझी बदली धारूरला झाली. संसार तिथंच झाला, एकोणीस वर्षं आणि चार महिने. गेल्या माघात मंजुळा गेली. लोक म्हणतात, बराच काळ मिळाला तुम्हाला. मिळाला. पण त्यात एक आठवडा कमी आहे, आणि तो मी घालवला.