खडूच्या कमानीखाली

समुद्राने कोरलेल्या कमानीखाली तो डोळे मिटून उभा होता... पांढऱ्या कड्याला कान लावून!

माझ्या टोपलीत शिंपले होते, पायांत बाबांचे रबरी बूट. भरती सुरू झाली होती, आणि हे शहरी ध्यान जागचं हलत नव्हतं.

"अहो साहेब, बुडायचंय का?"

"श्श... ऐका ना."

मी कान लावला. कड्याच्या पोटात पाणी टपटपत होतं. चोवीस वर्षं या किनाऱ्यावर काढली, पण हे कधी ऐकलं नव्हतं.

"वर पडलेला पाऊस या खडूच्या खडकात मुरतो आणि कित्येक महिन्यांनी इथे झिरपतो..." तो सांगत राहिला, मी ऐकत राहिले. मागे वळले तर वाट लाटांखाली गेलेली!

"झालं! आता संध्याकाळपर्यंत इथेच."

"तुम्ही मला वाचवायला आला होतात ना?"

"गप बसा आणि वर चढा!"

कमानीलगतच्या गुहेतल्या उंच कट्ट्यावर आम्ही टेकलो. त्याचं नाव गॅस्पार. माझं सोलेन, हे सांगेपर्यंत माझा निम्मा पाव त्याच्या हातात गेला होता. बाहेर भुरभुर पाऊस, खाली दुधाळ हिरवं पाणी, आणि प्रत्येक लाटेसरशी गडगडणाऱ्या गारगोट्या...

"ही कमानही पडेल?" मी विचारलं.

"पडेल कधीतरी. आधी गुहा असते, ती आरपार झाली की कमान. छत कोसळलं की पाण्यातल्या त्या समोरच्यासारखा एकटा सुळका उरतो."

"बिचारा!"

"एकटं राहायची सवय होते."

"तुम्हाला झालीय?"

"दुपारपर्यंत तरी होती..."

मी हसले. हसता हसता बोलून गेले, की कड्यावरच्या निळ्या खिडक्यांच्या घरात मी नि बाबा राहतो.

त्याचा चेहरा उतरला.

"सोलेन... मी कड्याच्या भेगा मोजायला आलोय. तुमच्या अंगणाखालीही एक आहे. हिवाळ्याआधी घर सोडावं लागेल."

मला रडू फुटलं. आई त्याच घरात गेली होती.

"अजून दहा वर्षं आहेत असं अहवालात लिहून टाक ना!" अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"लिहिलंही असतं," तो हलकेच म्हणाला, "पण तू तिथे झोपतेस."

पाणी ओसरल्यावर मी टोपली उचलून निघून आले. दुसऱ्या दिवशी तो स्वतः बाबांना सांगायला आला. बाबांनी त्याला हाकलून दिलं. तो रविवारी पुन्हा आला, भेग मोजायला. मग दर रविवारी. ऑक्टोबरमध्ये बाबा एकदाचे तयार झाले, तेव्हा आईचं जडशीळ कपाट पाठीवर घेऊन त्यानेच गावातल्या भाड्याच्या घरी पोचवलं.

जानेवारीत एका सकाळी अंगण, घर, निळ्या खिडक्या... सगळं समुद्रात गेलं. पाणी दूरवर पांढरं झालं होतं. आम्ही तिघं लांबून बघत उभे राहिलो. बाबांनी टोपी काढली. मग पुटपुटले, "पोरगं खरं बोललं."

मी गॅस्पारजवळ सरकले.

"एक विचारू? भेग दर रविवारी मोजावी लागायची?"

"नाही... पहिल्याच महिन्यात मोजून झाली होती."

"मग का यायचास?"

"दार तू उघडायचीस म्हणून..."

मी गार पडलेला हात त्याच्या कोटाच्या खिशात सरकवला — तिथे त्याचा हात होताच.

बाबा वळूनही न बघता चालू लागले. "चला, घरी सूप गार होतंय," ते म्हणाले. "दोघंही चला."