ठमीचा काय दोष?

कपाचा तुटलेला कान ज्या गोंदाने पक्का बसला, त्याच गोंदाने दाताचा तुकडा का बसू नये? चित्रूने दोनदा चिकटवून पाहिला आणि दोन्ही वेळा तो आमटीत पडला!

"ठमीचा हात लागला," तिने नानाआजोबांना ठोकून दिलं. नाना दातांचे डॉक्टर आणि ठमी त्यांच्या दवाखान्यातली यंत्रमानव. खरं तर ठमी नको नको म्हणत असताना चित्रूबाईसाहेबांनी भाजलेला चिंचोका पुढच्या दाताने फोडला होता.

"पोरांना इजा करणारं यंत्र मला नको. संध्याकाळी हिची स्मृती पुसतो," नाना म्हणाले. चित्रू दचकली, पण खरं बोलायला जीभ रेटेना.

ती खुर्चीत आ वासून बसली. ठमी कोपऱ्यात गुमान उभी होती. चित्रूचे घाबरे डोळे पाहून तीच समजावू लागली.

"भिऊ नकोस गं. इनॅमल (दाताचं वरचं कठीण कवच) गुळगुळीत, त्यात तोंडात सदा लाळ. गोंद टिकेल कसा? म्हणून नाना दातावर आम्ल लावून धुतात, कोरडा करतात. त्याने डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. त्यांत चिकटणारा पातळ द्रव शिरून पकड घेतो, खडबडीत भिंत गिलावा धरते तशी. त्यावर कॉम्पोझिट रेझिन (काचेची बारीक भुकटी मिसळलेला, दाताच्या रंगाचा लगदा)."

नानांनी पातळ थर देऊन निळा दिवा धरला. थर टणक झाला. मग दुसरा थर.

एकदम का नाही भरत? चित्रूने भुवया उंचावल्या.

"उजेड खोल पोचत नाही. जाड गोळा वरून टणक, आत कच्चा राहील. शिवाय टणक होताना तो आकसतो, जाड असला तर दातापासून सुटतो," ठमी म्हणाली.

जिच्यावर आळ घेतला, तीच आपल्याला धीर देतेय! चित्रूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शोध बघू जोड कुठंय!" दात चकचकीत करून नानांनी आरसा पुढे केला. चित्रूने पाहिलंच नाही.

"नाना, ठमीने नाही. चिंचोका मीच फोडला." तिला मान वर करवेना.

"अरेरे! आणि मी तिला विचारलंसुद्धा नाही," नाना पुटपुटले.

"ठमे, चुकले गं मी." चित्रू ठमीकडे वळली.

ठमीने तिचे डोळे पुसले. "चीर पडली तर आपोआप बुजेल असं रेझिन शोधतेय मी. अर्धं जमलंय, सगळं माझ्या स्मृतीत आहे."

आणि तेच आज संध्याकाळी पुसलं जाणार होतं! चित्रूला हुंदका फुटला.

"रडणं पुरे," नाना तिच्या शेजारी टेकले. "ठमे, तुझी स्मृती आता कोणी पुसणार नाही. जमलेलं अर्धं आम्हा दोघांना शिकवशील?"