काकडीच्या बांधावरची झिनिया

"झिनियाची रोपं हायत का?"

श्रावणातली सर चुकवत एक उंचापुरा तरुण राजारामपुरीतल्या त्या छोट्या नर्सरीत शिरला. शांभवीनं मान वर केली.

"आहेत की. कुंडीत लावणार?"

"काकडीच्या बांधावर."

तिला हसू आवरेना. "काकडीला नटवताय होय?"

"हसा, हसा..." तोही हसला. "वेलीला फुलं येत्यात, पण काकडी धरत न्हाय. मधमाशी फिरकतच न्हाय मळ्याकडं. म्हटलं, झिनियाच्या फुलांचे रंग बघून तरी येईल."

त्याचं नाव कृष्णात. मळा हातकणंगल्याजवळ. काही दिवसांनी तो पुन्हा आला — गुलाबी रोपं कमी पडली म्हणून. मग केशरी. नंतर एकदा तर नुसताच आला.

"पाणी किती घालायचं... विसरलो."

"शेतकऱ्यानं हे मला विचारायचं?"

त्याचे कान लाल झाले. त्या दिवशी शांभवी उगाचच गुणगुणत घरी गेली. घरी तिचे वडील, अप्पा, वाट बघत होते. रविवारी बेळगावचे पाहुणे तिला बघायला येणार होते. तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सरीत कृष्णातचा फोन आला. "बहर आलाय. बघायला या की."

ती स्कूटीवरून गेली. बांधभर गुलाबी, केशरी, लाल झिनिया डोलत होती आणि मधमाश्यांची नुसती गुणगुण चाललेली. कृष्णातनं वेलीवरची कोवळी काकडी तोडली, सदऱ्याला पुसून तिच्या हातात दिली. "पहिली हाय. घरात पण कुणाला दिली न्हाय अजून."

तिचे डोळे भरून आले. "रविवारी मला बघायला येणार आहेत."

कृष्णातनं वेलीचं एक पान उगाचच खुडलं.

"मग... तुम्ही काय सांगणार?"

"तुम्ही काय बोलता, त्यावर आहे."

"आपली घरं येगळी... तुमचे वडील काय म्हणतील?"

"अप्पांचं मी बघते. तुम्ही तुमचं बोला."

त्यानं मान खाली घातली. "पहिल्या खेपेची रोपं पुरेशी हुती. बाकीच्या खेपा... तुमच्यासाठी मारल्या."

शांभवीनं तिथंच फोन लावला. "अप्पा, बेळगावकरांना येऊ नका म्हणून सांगा. मला एक जण आवडतो. त्याला रविवारी घरी आणते."

पलीकडे अप्पांनी खाकरून घसा साफ केला.

"रविवारपर्यंत मला झोप लागायची न्हाय. आत्ताच घेऊन ये."

कृष्णातनं चिखलानं भरलेल्या पायांकडं पाहिलं. "असाच?"

"असाच," शांभवी म्हणाली आणि तिनं स्कूटी सुरू केली. "बसा."