छातीवरच्या सहा वायरी

"मॅडम, शर्ट काढू?" सात नंबर बेडवरच्या सुजितने विचारलं आणि मी, रोज वीस-वीस ईसीजी काढणारी ऋता, मशीनच्या बटणांकडेच बघत बसले!

आमच्या बेलवलीच्या छोट्याशा हॉस्पिटलात तो डेंग्यूने दाखल होता. रोज रक्त घ्यायला मीच जायचे आणि रोज त्याची मस्करी चालायची. काल ताप उतरला. आज घरी सोडायचं होतं, पण नाडी सावकाश म्हणून प्रतिभा डॉक्टरांनी ईसीजी सांगितला.

"सावकाश? तुम्ही आलात की धावते," तो हसला.

मेली काय लाज वाटली मला! हातापायाचे चार चिमटे लावले, छातीच्या सहा वायरी तशाच गुंडाळून ठेवल्या आणि डॉक्टरांना बेधडक सांगितलं, "त्या वायरी चालत नाहीयेत."

त्यांनी डिस्चार्ज लिहायला घेतला.

"रविवारी अंबरनाथला माझी कबड्डीची मॅच आहे... येणार?" सुजितने पॅसेजमध्ये गाठून विचारलं. दहा पावलं चालला होता फक्त, तरी धापा टाकत भिंतीला टेकला. "काही नाही हो, अशक्तपणा..."

डेंग्यूचा ताप उतरताना कधीकधी हृदयाला सूज येते, हे काय मला माहीत नव्हतं? शरमेने कान तापले. तशीच केबिनमध्ये गेले.

"मॅडम, मी खोटं बोलले. वायरी चांगल्या आहेत. मला... त्याच्या छातीला हात लावायची लाज वाटली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चल. माझ्यासमोर काढ."

छातीच्या रेघा बिघडलेल्या निघाल्या, रक्ताच्या रिपोर्टनेही सूज सांगितली. डिस्चार्ज रद्द, बेडवरून उठायचं नाही, कबड्डी काही महिने बंद.

"वेळेत कळलं," डॉक्टर म्हणाल्या. "तुझं काय करायचं ते उद्या बघते."

मी सुजितला सगळं सांगितलं. "तुम्ही मला आवडता, म्हणून हातच पुढे होईना. तुम्हाला काही झालं असतं तर..." पुढे रडूच फुटलं.

पहिल्यांदाच त्याने मस्करी केली नाही.

"राग आला?"

"आला. मैदानात कोसळलो असतो मी, ऋता."

माझी मान वर होईना.

"आई डबा घेऊन येतेय," तो हळूच म्हणाला. "तिला पण सांग."

"वायरींचं?"

"वायरींचं... आणि मी आवडतो, ते पण."

"अगं बाई! मारतील मला!"

"मारेल. मग जेवायला बसवेल."

त्याची आई, बनूबाई, दारातून आत येतच होत्या. मी ओढणीने डोळे पुसले.

"काकू... मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."