तात्यांची खुंटी

रविवारी सकाळी शहागंजातल्या सुदर्शनच्या दुरुस्तीच्या दुकानापुढं झाडं पाडणाऱ्यांचा अड्डा जमे. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं, करवतीच्या चेनीला धार कोण चांगली लावतो, यावर चहा थंड होईपर्यंत वाद चालत. करुणाचे वडील तात्यासाहेब तिथं ज्या स्टुलावर बसत, ते आठ महिने रिकामंच होतं. दुसरं कुणी त्यावर बसत नसे.

आज करुणानं त्याच स्टुलावर तात्यांचं झाड कापायचं मशीन आणून ठेवलं.

"यासाठी कंपनी सोडली व्हय रे?" सुदर्शन मशीन न्याहाळणाऱ्या तरुण इंद्रजीतला म्हणाला.

"वाळूजला नटच आवळत होतो, काका. आता झाडं पाडतो."

"आधी खुंटी ठोकायला शीक. तात्याचं झाड खुंटीवरच यायचं. बोटभर इकडं नाय, तिकडं नाय."

करुणानं ते पाहिलं होतं. लहानपणी ती तात्यांचा डबा घेऊन जायची. आदल्या संध्याकाळी ते बाभळीची खुंटी तासत, तिच्यावर तीन खाचा पाडत आणि झाडाचा शेंडा जिथं यायला हवा तिथं ठोकत. सकाळी झाड अंग टाकल्यासारखं येई नि खुंटी जमिनीत गडप होई. "ठोकलेली खुंटी उपटायची नाही," ते बजावत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

ते गेले त्या सकाळी अंगणात अशीच एक खुंटी होती. तिच्याजवळच ते कोसळले. कामासाठी ठोकली असेल, असं करुणाला तेव्हा वाटलं. अंगणात झाडच नव्हतं, हे पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं.

मशीन चांगल्या हाती जावं, एवढंच तिला हवं होतं.

"हर्सूलला आमच्या घरामागं कडुलिंब वाळलाय," ती इंद्रजीतला म्हणाली. "तो नीट पाडलास तर मशीन तुझं."

संध्याकाळी इंद्रजीतनं मोकळ्या प्लॉटकडं खुंटी ठोकली. सकाळी तिच्यापासून चार हातांवर दुसरी उभी होती. बाभळीची, तीन खाचांची. खाचा अजून ओल्या होत्या.

"परीक्षा घेता व्हय, ताई?" त्यानं हसत ती उपटली नि कुंपणाकडं भिरकावली.

'राहू दे' हे शब्द करुणाच्या ओठांवर आले. पण त्यानं मशीनची दोरी ओढली. आठ महिन्यांनी तो आवाज, तो पेट्रोलचा वास. ती नुसती ऐकत राहिली.

लिंब इंद्रजीतच्या खुंटीकडं झुकला. मग वळला.

शेंडा बरोबर त्या रिकाम्या भोकावर आला.

वारा नव्हता.

भिरकावलेली खुंटी कुंपणाजवळ सापडली नाही. करुणानं मशीन दिलं. शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, तुम्ही वाळूजला माझ्या खोलीवर येऊन गेलात का?"

"नाही रे. का?"

"दारापुढं खुंटी हाय. कालचीच."

"हात लावू नकोस. इंद्रजीत, जवळ कुठं झाड आहे का?"

फोनमधून त्याच्या चपलांचा आवाज येत राहिला. चार पावलं, पाच पावलं.

"नाय ताई. एक बी नाय."

मग चपलांचा आवाज थांबला.